एचटीएमएल पानात न दिसणारी माहिती कशी ठेवावी

समजा, इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एखाद्या शेव-फरसाणाच्या दुकानाचं पान मराठीत बनवायचंय. गिऱ्हाइकाला दिसतं ‘लौंग शेव, पाव किलो ८० रुपये’. ब्राउझरला, सर्च इंजिनला आणि तुमच्याच स्क्रिप्टला याहून जास्त सांगावं लागतं. ते एचटीएमएलच्या (वेबपान लिहिण्याच्या भाषेच्या) टॅगांतून, म्हणजे कोनी कंसातल्या खुणांतून सांगायचं. खाली टॅगांची नावं उच्चाराप्रमाणे दिलीत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत टाका.

हेडमध्ये, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या वरच्या भागात, सगळ्यात आधी मेटा चारसेट (अक्षरं कशी साठवलीत ते सांगणारी ओळ), तिचं मूल्य यूटीएफ-८. ही ओळ पहिल्या १०२४ बाइटांत यायलाच हवी, तेव्हा तिच्याआधी लांबलचक कॉमेंट नको. फाइलही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर ‘शेव’च्या जागी गिचमिड दिसेल. एचटीएमएल टॅगला लँग, म्हणजे भाषेची नोंद द्या, मराठीचा कोड एमआर. तो नसला तर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर हिंदी ढंगात वाचू शकतो. देवनागरी म्हणजे हिंदी, हा समज इंदुरात माणसांचाही होतो म्हणा!

मग टायटल (पानाचं नाव) आणि मेटा डिस्क्रिप्शन (पानाची थोडक्यात ओळख). व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकसोबत नाव-फोटो यावा म्हणून ओजी टायटल, ओजी इमेज हे मेटा टॅग (ओजी म्हणजे ओपन ग्राफ). यांत नेमऐवजी प्रॉपर्टी लिहायचं असतं, आणि फोटोचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण द्यायचा.

खरी गंमत डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगमध्येच लिहिलेल्या तुमच्या खास नोंदींमध्ये. प्रत्येक मालाच्या एलआय (यादीतल्या ओळीच्या) टॅगवर डेटा-भाव, डेटा-पाव-किलो अशी नावं तुम्हीच ठेवता. नावात कॅपिटल अक्षर नको: पार्सर (ब्राउझरचा एचटीएमएल वाचणारा भाग) ते लहान करून टाकतो आणि स्क्रिप्टला काहीच सापडत नाही. स्क्रिप्टमध्ये डेटासेटमधून (या नोंदी जिथे मिळतात तिथून) वाचताना मात्र उलटं. हायफन गळतो आणि ‘किलो’चा के कॅपिटल होतो.

किंमत नेहमी मजकूर म्हणूनच हाती येते. दोन भाव तसेच जोडले, तर ८० आणि ६० मिळून १४० नाही, ८०६० होतात. आधी नंबर फंक्शनमधून काढा. पण देवनागरी ८० दिला, तर तेही ‘आकडा नाही’ म्हणून हात वर करतं. म्हणून गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या मजकुरात मराठी आकडे, डेटा-भावमध्ये इंग्रजी (80).

अ‍ॅट्रिब्यूटच्या मूल्याभोवती वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं चालत नाहीत. सरळच हवीत, दुहेरी किंवा एकेरी.

आणि खरेदीचा भाव इथे कधीच ठेवू नका. पानाचा सोर्स उघडायला गिऱ्हाइकाला कंट्रोल-यू पुरतं.