टॅबवाली टेक्स्ट फाइल सीएसव्ही कशी करावी (गट नंबरांची वाट न लावता)

टॅबवाल्या फाइलीत रकाने टॅबने वेगळे केलेले असतात, सीएसव्हीत स्वल्पविरामाने. ‘नोटपॅडमध्ये फाइंड-रिप्लेस करा, टॅबच्या जागी स्वल्पविराम टाका, झालं,’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि तसं करू नका. यादीत एका ठिकाणी १,२५,००० अशी रक्कम असली की तिचे तीन रकाने होतात आणि पुढची सगळी ओळ उजवीकडे सरकते. पत्त्यांमध्ये तर स्वल्पविराम असतातच. असा मजकूर सीएसव्हीत दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो. ते काम एक्सेल बिनचूक करतं, त्याला करू द्या.

एक्सेल उघडा, फाइल–ओपनमध्ये जा, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि आपली .टीएक्सटी फाइल उघडा. टेक्स्ट इम्पोर्ट विझार्ड समोर येतो.

पहिल्या पायरीत ‘डिलिमिटेड’ आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूनिकोड (यूटीएफ-८). दुसरीत फक्त टॅबवर खूण.

तिसऱ्या पायरीवर मात्र थांबा. इथे बहुतेक जण सरळ ‘फिनिश’ दाबतात. मीही दाबायचो. २०२४ साली शेतकऱ्यांची एक यादी अशीच करून पुढे पाठवली. त्यात गट नंबर आणि हिस्सा १२/२ असा लिहिलेला होता. एक्सेलने त्याची १२ फेब्रुवारी केली. ११२/३ ला तारीख होता येत नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहिला. मी नेमकी वरवर नजर टाकली ती अशाच ओळींवर. चूक कळल्यावर रकाना टेक्स्ट करून पाहिला, तर १२/२ च्या जागी ४५३३४ उमटलं. एक्सेल तारीख आत आकडा म्हणून साठवतं, त्यामुळे मूळ नोंद तिथून परत येत नाही. शेवटी मूळ फाइल शोधून सगळं पुन्हा केलं.

खाते क्रमांकांचं याहून वाईट. सुरुवातीची शून्यं उडतात, ती निदान दिसतात तरी. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं, म्हणून १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. पैसे अडकेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून: तिसऱ्या पायरीत पहिल्या रकान्यावर क्लिक करा, शेवटपर्यंत सरकून शिफ्ट धरून शेवटच्या रकान्यावर क्लिक करा आणि वर ‘टेक्स्ट’ निवडा. सगळेच रकाने. ‘रकमेचा तेवढा जनरल (म्हणजे एक्सेलच्या अंदाजावर) ठेवू का?’ नको. बेरीज नंतर करता येते, उडालेलं शून्य नंतर आणता येत नाही. मग फिनिश.

सेव्ह अ‍ॅजमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ घ्या. त्याच यादीत नुसतं ‘सीएसव्ही’ही असतं. ते घेतलंत तर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतील.

तयार फाइल तपासायची ती नोटपॅडमध्ये. एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडलीत तर १२/२ पुन्हा १२ फेब्रुवारी दिसेल, आणि सवयीने सेव्ह दाबलंत तर सगळी मेहनत पाण्यात. समोरचा माणूस ती एक्सेलमध्येच उघडणार हे ठाऊक असेल, तर सीएसव्हीचा हट्ट सोडा आणि त्याला .एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाइल पाठवा.