बाम मागितला आणि ओठांचा मिळाला

इंग्लंडला नव्याने आलेल्या मंडळींनो, घर, बँक, बसचा पास हे सगळं कुणी ना कुणी सांगेलच. मी सांगते ते घसा दुखायला लागल्यावर, पोर रात्रभर रडल्यावर उपयोगी पडेल. ऑफिसात आपलं इंग्रजी फाडफाड चालतं. कळ उठली की तेच तोंडातल्या तोंडात राहतं.

मी २००४ साली लंडनजवळच्या स्लावला आले. पहिल्याच हिवाळ्यात डोकं धरलं म्हणून औषधाच्या दुकानात जाऊन ‘बाम’ मागितला. त्या बाईने कौतुकाने लिप बामचा अख्खा ट्रे पुढे केला. मी कपाळ चोळून दाखवलं, तेव्हा तिने पॅरासिटॅमॉल दिलं. इथे बाम म्हटलं की आधी ओठच आठवतात. पाठीला, मानेला चोळायचं असेल तर ‘मसल रब’ म्हणा. अमृतांजन देशी वाणसामानाच्या दुकानात मिळतं.

क्रोसिन हे नाव इथे काउंटरवर कुणाला कळत नाही. पाकिटावरचं ब्रँडचं नाव विसरा, आतल्या औषधाचं नाव पाठ करा: पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन, सेटिरिझिन. (अमेरिकेतल्या भावाला फोनवर विचाराल तर तो पॅरासिटॅमॉलला असिटामिनोफेन म्हणेल. गोळी तीच.) सुपरमार्केटात पॅरासिटॅमॉलचं पाकीट १६ गोळ्यांचं आणि एका वेळी दोनच पाकिटं देतात. लोक एकदम जास्त गोळ्या घेऊन जीव धोक्यात घालत, म्हणून १९९८ पासून पाकिटं लहान केली आहेत. गल्ल्यावरच्या पोराशी हुज्जत घालू नका. मोठ्या माणसाला २४ तासांत ५०० मिलिग्रॅमच्या आठच गोळ्या चालतात. सर्दीसाठी गरम पाण्यात घालून प्यायच्या पुड्यांमध्येही बहुधा पॅरासिटॅमॉल असतंच. पुडी आणि गोळी दोन्ही घेतलीत की हिशेब चुकलाच.

‘मला ॲसिडिटी झालीय’ हे आपलं इंग्रजी, इथलं नव्हे. छातीत जळजळ म्हणजे ‘हार्टबर्न’, पोट जड म्हणजे ‘इनडायजेशन’. ‘लूज मोशन्स’ ऐकून समोरचा गोंधळतो. ‘अपसेट टमी’ म्हणा, लगेच मान डोलावेल. पोट शांत करणाऱ्या औषधाबद्दल ‘इट विल सेटल युवर स्टमक’ असं म्हणतात. घशासाठी चघळायची गोळी ती ‘लोझेंज’. खाज आणि पुरळ यांवर गुलाबी कॅलामाइन, त्याचं नाव मात्र आपल्याकडे आहे तेच. आणि ग्राइप वॉटर? ते मूळचं इथलंच, १८५१ साली नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्डने काढलेलं.

आता एक शब्द गिरवून ठेवा: ‘ड्राउझी’. गुंगी आणणारं. शिंकांच्या गोळ्या दोन जातीच्या मिळतात, गुंगीच्या आणि ‘नॉन-ड्राउझी’. मे महिन्यात परागकणांनी नाक गळू लागलं, मी पाकीट न वाचता गोळी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीत बसले. जाग आली तेव्हा स्लाव मागे पडलं होतं, डबा रिकामा आणि फलाटावर पाटी रेडिंगची. गाडी चालवत असते तर? पाकिटावर तशी सूचना असेल तर किल्लीला हात लावू नका. ‘पेनकिलर’ म्हणजे फक्त दुखणं थांबवणारं. ‘सेडेटिव्ह’ म्हणजे गुंगवणारं, झोपवणारं. या दोन शब्दांची अदलाबदल कृपा करून करू नका. भारतातून झोपेची किंवा चिंतेची गोळी आणणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

सुईच्या वेळी नर्स ‘शार्प स्क्रॅच’ म्हणते. ओरखडा बिरखडा काही नाही, आता टोचणार एवढंच. दाताचा डॉक्टर ‘आय विल नम्ब इट’ म्हणाला तर जागा बधिर करणार, तुम्हाला नाही.

लेकीला पाळणाघरात घातलं त्या दिवशी ताईंनी विचारलं, ‘हॅज शी गॉट अ डमी?’ माझ्या डोक्यात परीक्षेला बसवलेला डमी उमेदवार. डमी म्हणजे बाळाच्या तोंडातली चोखणी. अमेरिकेत तिला पॅसिफायर म्हणतात. पुढचा प्रश्न: ‘अ कम्फर्टर?’ मला वाटलं रजई. मी म्हटलं, आहे ना, डबल बेडचा, उद्या आणते. त्या हसून बेजार झाल्या. इथे कम्फर्टर म्हणजे बाळ उराशी धरून झोपतं ते फडकं किंवा छोटं खेळणं. मग मी आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा दिला. त्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.

आणि एक. रागावलेल्या माणसाला ‘काम डाउन’ म्हणायचं नाही. आपलं ‘अहो, शांत व्हा’ त्यात उतरत नाही, उलट तो भडकतो. त्याऐवजी ‘टेक युवर टाइम’ म्हणा. तुमचाच चेहरा उतरलेला दिसला तर शेजारीण ‘आय विल पुट द केटल ऑन’ म्हणेल. चहात आलं नसेल, दूध गार असेल, पिशवी कपातच तरंगत असेल. तरी नको म्हणू नका, बसा.