हिरव्या रानफळातली साखर

वनस्पती प्रजननाच्या कामात नव्याने येणारी मुलं मला हमखास विचारतात, "जंगली टोमॅटो खाण्याच्या लायकीचा नाही, मग त्याच्यापासून चव कशी सुधारणार?" मलाही आधी हाच प्रश्न पडला होता. सोलॅनम पेनेली ही दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या कोरड्या प्रदेशातली टोमॅटोची रानटी जात. तिचं इवलंसं फळ पिकलं तरी हिरवंच राहतं, पानं हाताला चिकटतात. अशा झाडाकडे गोडी मागायला जायचं हे मनाला पटत नव्हतं.

पटलं ते एशेद आणि झमीर या संशोधकांचं १९९५ चं काम वाचल्यावर. त्यांनी ५० वाण असे तयार केले, की प्रत्येकात पेनेलीच्या गुणसूत्राचा एकच तुकडा, बाकी सगळा लागवडीचा टोमॅटो. त्यातल्या नवव्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्याने फळातली साखर वाढली. पुढे शोध लागला, की फळात येणाऱ्या साखरेचं विघटन करणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात अगदी बारीक फरक आहे. म्हणजे गोडीची किल्ली हिरव्या फळातच होती. ती दिसली मात्र लागवडीच्या टोमॅटोत आल्यावर. म्हणून रानटी झाडाची पारख त्याच्या फळावरून करू नका, संततीवरून करा. पेरू देशात १९६२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू इल्टिस यांना रस्त्यात सापडलेल्या तणवजा टोमॅटोचंही हेच झालं. टोमॅटोचे अभ्यासक चार्ल्स रिक यांनी त्याचे लागवडीच्या टोमॅटोशी संकर केले आणि पुढच्या पिढ्यांच्या फळांत साखर वाढलेली मिळाली.

आता हातकामाचं. लागवडीचा टोमॅटो मादी आणि पेनेली नर, हीच दिशा ठेवा. उलट केलंत तर परागनळी वाटेतच थांबते आणि फळ धरत नाही. फूल निवडताना मी पहिल्या हंगामात चुकलो. उमललेली टवटवीत फुलं घेतली, पुंकेसर काढले, पेनेलीचे परागकण लावले. फळं छान धरली, बी पेरलं, आणि सगळी रोपं निघाली साध्या टोमॅटोची! फुलांनी माझ्या आधीच स्वतःचं परागण उरकलं होतं. हंगाम गेला. तेव्हापासून उमलायच्या आदल्या दिवशीची कळी घेतो: पाकळ्या नुकत्या पिवळसर, पुंकेसरांचा शंकू अजून हिरवट. शंकू चिमट्याने बाजूने धरून अलगद ओढायचा, आतल्या कुक्षीला टोक लागू द्यायचं नाही. मग दोन निदलं, म्हणजे कळीच्या बुडाची हिरवी दलं, कापायची. चिठ्ठी पावसात गळून पडली तरी कापलेली निदलं फळाच्या देठाशी राहतात आणि संकराचं फळ ओळखू येतं.

रानटी टोमॅटोपैकी गॅलापागोस बेटांवरच्या जातींचं बी सहजी रुजत नाही. निसर्गात ते महाकाय कासवाच्या पोटातून गेलं की रुजतं, हे रिक यांनीच दाखवलं. प्रयोगशाळेत आपण बी पातळ ब्लीचमध्ये ठेवून स्वच्छ धुतो.

पहिल्या संकरावर थांबू नका. गोड तुकड्याबरोबर लहान फळ आणि कमी उत्पादन असे नको ते गुणही येतात. लागवडीच्या वाणाशी पुन्हापुन्हा संकर करत, मार्करने, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणेने, तपासत, तुकडा लहान करत जावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण सगळी कमाई इथेच आहे.

आणि चव म्हणजे नुसती साखर नव्हे. रिफ्रॅक्टोमीटर रसात विरघळलेले घटक मोजतो, वास मोजत नाही. २०१९ मध्ये ७२५ टोमॅटोंचे जीनोम एकत्र अभ्यासले गेले, तेव्हा सुवासाशी निगडित टॉमलॉक्ससी जनुकाचं एक रूप सोलॅनम पिंपिनेलिफोलियम या लाल फळाच्या रानटी जातीत सर्रास आणि जुन्या लागवडीच्या वाणांत दुर्मीळ आढळलं. म्हणून शेवटचा निकाल जिभेचाच घ्या. वाणांची नावं झाकून फक्त क्रमांक द्या आणि फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने सुवास मरतो. हिरव्या फळाच्या रानटी जाती आणि त्यांच्या सुरुवातीच्या पिढ्या मात्र चाखू नका, त्यांत विषारी अल्कलॉइड असू शकतात. चाखायला दिलेल्या प्रत्येक फळाची एक फोड बियांसाठी वेगळी ठेवा, त्याच क्रमांकाच्या डबीत. सगळ्यांना आवडलेलं फळ बी न राखताच खाऊन संपल्याचं मी एकदा पाहिलं आहे, आणि ते झाड पुन्हा मिळालं नाही.