घरच्या सर्व्हरमध्ये डिस्क कशा लावाव्यात?

आधी डेटाचे दोन ढीग करा: पुन्हा मिळू शकणारा आणि पुन्हा कधीच न मिळणारा. सिनेमे पहिल्यात, घरचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्यात. दोन्हींना एकच मांडणी लावायचा हट्ट धरू नका.

फोटोंसाठी दोन डिस्कचा मिरर घ्या, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. निम्मी जागा जाते, जाऊ द्या. एक डिस्क गेली तर दुसरीवरून सरळ कॉपी होते, आकडेमोड नाही.

सिनेमे एकदा टाकले की सहसा बदलत नाहीत, म्हणून तिथे मला स्नॅपरेड (डिस्क गेल्यास फाइल्स परत मिळवून देणारा प्रोग्राम) आणि मर्जरएफएस (अनेक डिस्क एकाच फोल्डरसारख्या दाखवणारा) ही जोडी सर्वांत योग्य वाटते. ४, ८, १२ टीबी अशा वेगवेगळ्या डिस्क चालतात. फक्त पॅरिटीची डिस्क, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला लागणारी माहिती जिच्यावर असते ती, सर्वांत मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी. पॅरिटीच्या डिस्क जितक्या, त्यांपेक्षा जास्त डिस्क एकदम गेल्या, तरी उरलेल्यांवरच्या फाइल्स शाबूत राहतात. मात्र शेवटच्या सिंकनंतर (सिंक म्हणजे पॅरिटी ताजी करणं) टाकलेल्या फाइल्सना संरक्षण नसतं. रोज रात्री सिंक लावून ठेवा.

चार डिस्कचं रेड ५ (डेटा आणि पॅरिटी सगळ्या डिस्कवर वाटून ठेवणारी मांडणी) करणार असाल तर रीबिल्डचा, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरून घेण्याचा, हिशेब आधी मांडा. सेकंदाला १८० एमबी वेग धरला तरी ८ टीबीची डिस्क भरायला १२ तासांहून जास्त लागतात आणि तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क धडधाकट राहाव्याच लागतात. इथे एसएमआर डिस्क (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) नकोच. सलग बराच वेळ लिहिताना त्यांचा वेग फार पडतो. सिस्टिम आणि जेलीफिनचा (घरच्या सर्व्हरवरचे सिनेमे दाखवणारा प्रोग्राम) डेटाबेस वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवा.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेला फोटो दोन्हीकडून एकदमच जातो, त्यामुळे फोटोंची एक प्रत घराबाहेर हवीच.