गावातली कार वर्षभर कशी सांभाळावी: ऊन, खारं पाणी आणि काळी माती

मे महिन्यात आईला घेऊन दर्यापूरहून अकोल्याला दवाखान्यात निघालो होतो. दुपारचे साडेबारा वाजले असतील. अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा चढला, बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली आणि गाडी बाभळीच्या विरळ सावलीत उभी करावी लागली. आई दीड तास त्या उन्हात बसून होती. नंतर मेकॅनिकनं रेडिएटर खोलला, तर नळ्यांमध्ये चुन्यासारखा पांढरा थर. "भाऊ, गाडीले बोरचं पाणी पाजत होते काय तुम्ही?" एवढंच त्यानं विचारलं. दोन उन्हाळे मी तेच करत होतो.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात देखभालीचा हिशेब किलोमीटरवर आणि महिन्यांवर असतो. तो पाळायचाच. पण आपल्याकडची कार आठवडी बाजार, लग्न, दवाखाना आणि शेगावचं दर्शन एवढ्यासाठी निघते आणि बाकीचे दिवस टिनाच्या शेडखाली उभी असते. ४५ अंशांचं ऊन, पांदणीची धूळ, चिकट काळी माती आणि कुटारातले (पिकाच्या भुशातले) उंदीर तिला उभ्या उभ्या खातात. म्हणून खाली सांगितलेलं वेळापत्रक किलोमीटरवर नाही, आपल्या हंगामांवर बांधलेलं आहे.

मार्च लागला की आधी पाणी बघा

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. त्याच्या बाहेरही बोरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. हे पाणी इंजिनात तापलं की क्षार नळ्यांना चिकटतात, आतून गंज धरतो आणि रेडिएटरची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होत जाते. हिवाळ्यात हे कळत नाही. कळतं ते एप्रिल-मे महिन्यात, एसी चालू असताना, माणसं भरलेली असताना.

काय करायचं? सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा. रेडिएटरजवळ अर्धपारदर्शक प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर कमी आणि जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी त्या दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर पुस्तकात सांगितलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, टाका. तयार मिश्रण मिळतं, ते तसंच ओतायचं. दाट कूलंट घेतलं तर बहुतेक गाड्यांना निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर लागतं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, तो एक डिकीत कायम ठेवा. आधी बोरचं पाणी टाकून झालं असेल तर नुसतं वरून कूलंट ओतून भागत नाही. गॅरेजमध्ये सगळं काढून, आतून धुऊन नवं भरून घ्या. आणि पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पाइप, वॉटर पंप, झाकणाचं रबर तपासायला सांगा.

रस्त्यात काटा चढलाच तर आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, म्हणून इंजिनाला थोडी मोकळीक मिळते. वाफ दिसली की मात्र लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण उघडताच ते उसळतं आणि तोंड, हात भाजतात. किमान पाऊण तास थांबा. तापलेल्या, रिकाम्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. अडचणीत मिळेल ते पाणी टाकून गावापर्यंत येणं चालतं, पण आल्यावर ते काढून टाका.

काच धुवायच्या टाकीतही बोरचं पाणी नको, फवाऱ्याची भोकं बुजतात. घरी आरओचं जार येत असेल तर त्यातलं तांब्याभर टाका. गाडी धुवायला बोरचं पाणी वापरावंच लागतं. मग ती सावलीत धुवा आणि वाळायच्या आत कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर रंगावर पांढरे डाग बसतात आणि ते सहज जात नाहीत.

उभ्या गाडीची बॅटरी

आठवड्यातून एकदा तरी गाडी २० ते ३० मिनिटं रस्त्यावर चालवा. अंगणात उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू ठेवल्यानं स्टार्ट करताना गेलेली वीजसुद्धा नीट भरून येत नाही. पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची वजा खुणेची वायर काढून ठेवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा आणि व्हॅसलीन लावा. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरशिवाय काहीही टाकू नका.

बॅटरी बसलीच तर ट्रॅक्टरची मदत घेता येते, दोन्हीकडे १२ व्होल्ट असतात. ट्रक किंवा बसची मदत घेऊ नका, तिथे बहुधा २४ व्होल्ट असतात आणि कारची इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. ट्रॅक्टर बंद करा. मग या क्रमानं जोडा:

१. लाल वायरचं एक टोक बसलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला.
२. दुसरं टोक ट्रॅक्टरच्या अधिक खुणेला.
३. काळी वायर ट्रॅक्टरच्या वजा खुणेला.
४. काळ्या वायरचं उरलेलं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर.

आता ट्रॅक्टर चालू करून पाच मिनिटं थांबा, मग कार चालू करा. सोडताना उलट क्रम.

टायर: हवा कमी करू नका

उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून दोन-चार पॉइंट कमी ठेवावी, हे अजून गावोगाव ऐकायला मिळतं. हे धोक्याचं आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती जास्त दबतात, त्यातूनच टायर तापतो आणि फुटतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पाच माणसं आणि सामान असेल तेव्हाचा आकडा बहुधा वेगळा असतो, लग्नाला निघताना तोच पाळा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. गाडी बराच वेळ चालवून आल्यावर आकडा जास्त दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. स्टेपनीही मोजून घ्या.

समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर हे दुप्पट काळजीनं करा. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो सिमेंटचा रस्ता पूर्ण झाला आहे. कारला १२० ची मर्यादा आहे. गावाच्या रस्त्यावर ५० नं वर्षं काढलेला जुना टायर कारंज्याहून मेहकरकडे मे महिन्याच्या दुपारी १२० नं पळवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होऊन चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच.

पांदणीनं वावरात गाडी नेत असाल तर घरी आल्यावर टायरवरून नजर फिरवा. ट्यूबलेसमध्ये बाभळीचा काटा घुसला तरी हवा लगेच जात नाही, हळूहळू उतरते, आणि माणूस तसाच लांब निघतो.

धूळ आणि उंदीर

एअर फिल्टर पुस्तकात सांगितलेल्या निम्म्या अंतरातच काढून बघा. कागदी फिल्टर हलक्या हातानं आपटून झटका. कॉम्प्रेसरनं मारायची असेल तर हवा कमी दाबानं, आतून बाहेर मारा. पाण्यानं धुऊ नका. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसीचाही फिल्टर असतो. एसी गार करत नाही म्हणून गॅस भरायला जाण्याआधी तो बघा.

सोयाबीन घरात आलं, कापसाची वेचणी सुरू झाली की उंदीर वाढतात. गोठ्याशेजारी, कुटाराच्या ढिगाजवळ गाडी ठेवू नका, हाच खरा उपाय. तंबाखूची पानं बॉनेटमध्ये ठेवणारे आहेत, वास असेपर्यंत त्याचा उपयोग होतो असं ते सांगतात. मी बॉनेटखाली हवा आत घेणाऱ्या वाटेला बारीक जाळी बसवून घेतली आणि दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून उजेड आत जाऊ देतो. सुकी पानं, कापसाचे बोळे, कुरतडलेली वायर दिसली तर गाडी चालू न करता इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एक गोष्ट विसरू नका: लांबून आल्यावर वाळलेल्या गवतावर किंवा कुटारावर गाडी उभी करू नका. सायलेन्सरकडचा भाग इतका तापलेला असतो की पेट घेतो.

मृग लागल्यावर

काळी माती चाकांवरच्या पोकळीत घट्ट बसते, ओल धरून ठेवते आणि तिथून पत्रा सडतो. चिखलातून आल्यावर वरून चमकवण्याआधी खालून पाणी मारा. चाक रुतलं तर रेस देऊ नका, ते आणखी खोल जातं. चाकापुढची माती उकरा, तुराट्या टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढा.

नाल्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पूल दिसत नसेल तर खोली कळत नाही, आणि वाहतं पाणी थोडं असलं तरी गाडी सरकवतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. आत पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. ढकलून बाहेर काढा.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवायची तर हँडब्रेक लावून ठेवू नका, तो धरून बसतो. गिअरमध्ये टाका आणि चाकांना गोटे लावा.

इंधन आणि नवी गाडी

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग त्यासाठी केलेले आहेत. जुन्या गाडीत ॲव्हरेज थोडं घटतं, आणि रबरी पाइप, सील वर्षातून एकदा तपासून घ्यावे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवू नका.

नवी डिझेल घ्यायची असेल तर आपलं रोजचं अंतर आधी मोजा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. घर ते बाजार चार किलोमीटर एवढाच वापर असेल तर तो तुंबतो आणि खर्चात पाडतो. अशा वापराला पेट्रोल बरं.

इलेक्ट्रिक कार कमी, ठरलेल्या अंतरासाठी मला पटते, पण आधी घराचं अर्थिंग आणि १५ अँपिअरची वेगळी लाइन करून घ्या. साध्या पॉइंटवर रात्रभर लागते, म्हणून गावात रात्री वीज किती तास टिकते ते महिनाभर लिहून ठेवा. शेतीपंपाच्या जोडणीवर चार्ज करू नका, ती जोडणी त्यासाठी दिलेली नसते.

कागदांचं थोडक्यात: विमा, पीयूसी आणि आरसीची मुदत मोबाइलमध्ये नोंदवा. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी संपते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर प्लेट बसवून घ्या.

आणि जुनी गाडी बघायला गेलात तर सकाळी जा, इंजिन थंड असताना. भाव बोलायच्या आधी मालकाला विचारून रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बोट फिरवा. बोटाला पांढरा खरबरीत थर लागला तर ती गाडी बोरच्या पाण्यावर चाललेली आहे. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.