आधी कागदाची घडी घाला, मग मजकूर मागा

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं त्रैमासिक वार्तापत्र मी काढते. पहिल्या अंकाला पाच पानं भरून छापखान्यात गेले, तर तिथला पोरगा म्हणाला, "काकू, पाच नाही होत. चार करा, नाहीतर आठ."

ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. एक कोरा कागद दुमडा, पेन्सिलनं १ ते ४ आकडे टाका आणि उलगडा. एका बाजूला ४ आणि १ शेजारी दिसतील, आत २ आणि ३. हा नमुना आजही माझ्या पर्समध्ये असतो. कुठला मजकूर किती जागा खाणार, ते त्यावरच आखायचं.

पहिल्या पानावर पुढचे कार्यक्रम. अध्यक्षांचं मनोगत आत, दीडशे शब्दांत. (रुसवे होतात. होऊ द्या.) मजकूर देण्याची शेवटची तारीख पोळ्याच्या आठवडाभर आधीची ठेवा, तान्हा पोळा अन् मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कोणी लिहून देत नाही बाप्पा.

वाचणारे सत्तरीचे, म्हणून अक्षर १४ पॉइंट, रकाने दोनच. संत्र्याचा रंग शीर्षकाच्या पट्टीला शोभतो. मजकुरामागे घातला की चष्मे पुसत बसतात. टाइप युनिकोडमध्येच (मोबाइलवर मराठी टाइप होतं तेच) करा आणि छापायला पीडीएफ द्या. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की कधी फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात.

प्रूफ दोघांनी तपासा, एकानं मोठ्यानं वाचून. वाढदिवसांची यादी मात्र तिघांनी.