पहिल्या पावसानंतर भेकाच्या अंड्याला आकार येताना कसा बघायचा

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की त्या रात्री लवकर झोपू नका. सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला अजून मोकळे प्लॉट आहेत, त्यांत डबकी साचतात आणि अंधार पडला की भेक ओरडायला लागतात. भेक म्हणजे अंगावर फोड असलेला, खरखरीत बेडूक, पायरीशी दिव्याखाली किडे खात बसतो तो. त्याची अंडी ओळखायला सोपी: गवताला गुंडाळलेली लांबच लांब पारदर्शक दोरी आणि तिच्यात मोहरीएवढे काळे मणी. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि दर पावसाळ्यात मुलांना घेऊन हेच बघते.

वीतभर तुकडा पुरे. कात्रीने कापून घ्या, बाकीची दोरी तिथेच राहू द्या. भेकाला हात लावू नका, त्याच्या कातडीतला पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार आग होते.

नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतं, ते अंड्यांना चालत नाही. सोलापूरकरांना ही अडचण नाही. नळ काही दिवसांआड येतो, घरात साठवणीचं पाणी असतंच. त्यातलं बादलीभर दिवसभर उघडं ठेवा. पसरट काचेच्या वाडग्यात दोन बोटं पाणी घाला आणि वाडगा सावलीत ठेवा. पहिल्या वर्षी मी तो गच्चीवर ठेवला. दुपारपर्यंत सगळी अंडी पांढरी पडली, मुलं नुसती बघत उभी राहिली. तेव्हापासून वाडगा माठाशेजारीच.

भिंग घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते घ्या. आधी दोरी उलटी करून बघा. काळी बाजू खाली गेलेलं अंडं थोड्या वेळात आपल्या आवरणातल्या आवरणात वळतं आणि काळी बाजू पुन्हा वर आणतं. फिकट बाजूला जड बलक असतो म्हणून. जे वळत नाही ते फळलेलं नाही.

रात्रीच आणलं असेल तर अंड्याची पेशी विभागणारी पहिली रेघ दिसेल. ती काळ्या टोकावर उमटते आणि हळूहळू खाली उतरते. दुसरी तिला काटकोनात, तिसरी आडवी. ही आडवी रेघ मधोमध न पडता वरच्या अंगाला पडते, म्हणून वरच्या पेशी लहान आणि खालच्या बलकाच्या पेशी मोठ्या होतात. सकाळी उठाल तेव्हा पेशी रव्याहून बारीक झालेल्या असतील, पण गोळा तेवढाच असेल. इथे मला नेहमी वडील आठवतात. ते चादरीच्या मागावर होते. मागावर कापड वाढतं ते नवा धागा पडतो म्हणून. या गोळ्यात बाहेरून धागा पडतच नाही, जे आहे तेच जागा बदलतं.

ती जागाबदल खालच्या बाजूला सुरू होते आणि नेमकी तीच बाजू आपल्याला दिसत नाही. अंडं उलटं केलं तर ते परत वळतं. म्हणून वाडगा दोन विटांवर ठेवा, खाली आरसा ठेवा आणि बाजूने टॉर्च मारा. काळ्या-फिकट सीमेजवळ आधी नखाच्या ओरखड्याएवढी बारीक चंद्रकोर दिसते. तिची टोकं वाढून घोड्याचा नाल होतो, मग पूर्ण गोल, आणि गोलात बलकाचा फिकट बोळा. दर अर्ध्या तासाने बघा, बोळा लहान होत जातो. बाहेरच्या पेशी त्या गोलाच्या काठावरून, म्हणजे ‘ओठा’वरून, आत वळत असतात. आत गेल्यावर त्या एकमेकींच्या मधे घुसतात, त्यामुळे त्यांची पट्टी अरुंद आणि लांब होते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागची गर्दी गल्लीत शिरली की माणसं तेवढीच, पण मिरवणूक लांबते, तसं. गोल गोळ्याला लांबी मिळते ती बरीचशी इथून.

या ओठाची ताकद हिल्डे मॅंगोल्ड या तरुण मुलीच्या हातांनी दाखवली. जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स श्पेमान यांच्याकडे ती काम करत होती. न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या फिकट जातीच्या भ्रूणातून तिने वरच्या ओठाचा तुकडा काढला आणि गडद जातीच्या भ्रूणाच्या पोटाकडे बसवला. तिथे दुसरं भ्रूण उभं राहिलं, पहिल्याला चिकटलेलं. रंगावरून कळलं की त्याचा मोठा भाग यजमानाच्याच, म्हणजे गडद भ्रूणाच्याच, पेशींचा होता. तुकड्याने त्यांना कामाला लावलं होतं. हा शोध 1924 साली छापला गेला आणि त्याच वर्षी ती घरातल्या अपघातात भाजून गेली, अवघ्या पंचविशीत. श्पेमान यांना 1935 साली नोबेल मिळालं. मी मुलींना तिचं नाव फळ्यावर लिहायला लावते.

बोळा दिसेनासा झाला की आरसा काढा, आता वरून बघायचं. पाठीवर एक चपटा पट्टा दिसेल. त्याच्या कडा उचलतात, मधे पन्हळ पडते, कडा जवळ येऊन मिटतात. त्या मिटलेल्या नळीतूनच मेंदू आणि मज्जारज्जू होतात. मोबाईल स्टँडवर लावून दर दोन मिनिटांनी फोटो घेत राहा; एकदा मिटलं की पुन्हा दिसणार नाही.

नंतरचं झरझर होतं. शेपटीचं टोक पुढे येतं, भ्रूण दोरीच्या आत सावकाश गरगरतं. त्वचेवरच्या सूक्ष्म केसांमुळे ते फिरतं, स्नायू नंतर काम करू लागतात. मग पहिला झटका. अंडी घातल्यापासून साधारण दोन दिवसांत बारीक काळी पिल्लं दोरीतून सुटून काचेला लटकतात.

त्यांना संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, ज्या डबक्यातून आणली त्यातच सोडा. दुसरीकडे नको, रोग पसरतो. वाडगा लगेच उपडा करू नका. आधी तो त्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं धरा, दोन्ही पाणी सारखं होऊ द्या, मग तिरका करा.